रोज अठरा किलो लाकूड, तरी खोली गार

काकांनी दार उघडलं आणि मी पिशवी खाली ठेवायच्या आत माझ्या हातात एक वही दिली. आत तीन रकाने आखलेले: तारीख, सकाळचं बाहेरचं तापमान आणि दिवसभरात जाळलेलं लाकूड, किलोमध्ये. टोपली ताणकाट्याला अडकवून ते प्रत्येक खेप मोजत होते. सहा आठवड्यांत एकही दिवस सुटला नव्हता. "बाहेर दोन अंश असतं त्या दिवशी अठरा किलो लागतं," ते म्हणाले. "आणि एवढं जाळून रात्री आठला खोलीत सोळा अंश. ही शेगडी ठेवायची की काढायची, ते आता तुम्हीच सांगा."

काकूंचं गाऱ्हाणं वेगळं होतं. काच दोन तासांत काळी होते, घरभर धुराचा वास बसतो आणि सकाळी शेगडी उघडली की आत अर्धवट जळालेली काळी लाकडं मिळतात. आधी येऊन गेलेल्या एका कारागिराने शेगडी लहान पडते, मोठी घ्या, असं सांगितलं होतं. त्यांनी ती घेतली असती तर हाच त्रास दुपटीने वाढला असता, असं मला आज खात्रीने वाटतं.

शेगड्या आणि धुराडी तपासणं हे माझं रोजचं काम. बहुतेक घरांत 'लाकूड फार लागतं' एवढीच तक्रार असते; फार म्हणजे किती, ते कुणी मोजलेलं नसतं. इथे सहा आठवड्यांचे आकडे तयार होते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे.

पहिल्या दिवशी मी कशालाच हात लावला नाही. "रोज जसं पेटवता तसंच पेटवा, मी नुसती बघते," म्हटलं. शेगडी पोलादी, काचेच्या दाराची, सहा किलोवॅट क्षमतेची. तिला हवेचे दोन दांडे. खालचा दांडा जाळीखालून हवा देतो. वरच्या दांड्यातून येणारी हवा शेगडीच्या गरम अंगातून फिरून तापते, काचेवरून खाली उतरते आणि ज्वाळेच्या वरच्या भागात मिसळते. दुपारी तीनला काकांनी खाली कागद, त्यावर काटक्या, त्यावर एक जाड ओंडका असं रचलं. दहा मिनिटांत जाळ झाला. मग आणखी दोन ओंडके आत गेले, दार लागलं आणि दोन्ही दांडे जवळजवळ पूर्ण मिटले.

"आता हे सहापर्यंत पुरतं," काका म्हणाले. "जाळ मोठा दिसला की मला लाकूड फुकट चाललंय असं वाटतं."

पाच मिनिटांत ज्वाळा मंदावल्या, नारिंगी आणि आळशी झाल्या आणि मग दिसेनाशा झाल्या. ओंडके काळे पडून धुमसायला लागले. काचेच्या आत पिवळट धूर घुटमळू लागला आणि कोपऱ्यांतून तपकिरी डाग काचेवर सरकत आले. धुराच्या नळीवर, शेगडीच्या वर हातभर अंतरावर, मी चुंबकाचा तापमापक चिकटवला होता. तो ८५ अंशांवर येऊन थांबला. बाहेर जाऊन पाहिलं तर धुराड्यातून दाट, करडा धूर निघत होता आणि वर न जाता छपरावरून खाली ओघळत होता.

मी ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाकडे बॅटरी धरली. तिथे बारीक बुडबुड्यांचा फेस येत होता आणि 'सुंऽऽ' असा सतत आवाज. काकूंनीही वाकून पाहिलं. "हे तर रोजच होतं," त्या म्हणाल्या. तो आवाज लाकडातलं पाणी उकळून बाहेर पडण्याचा असतो. तो ऐकू आला की लाकूड जाळायच्या लायकीचं नाही, एवढं उपकरणाशिवायही कळतं.

मग एक गोष्ट त्यांना प्रत्यक्ष दाखवावी असं वाटलं. दार बंद ठेवूनच मी वरचा दांडा अगदी हळू, एकेक बोट सरकवत उघडला. धुमसत्या शेगडीला एकदम हवा दिली किंवा दार झटकन उघडलं तर साठलेले वायू भडका घेऊन अंगावर येऊ शकतात, म्हणून ही घाई कुणीही करू नये. अर्ध्या मिनिटात आतल्या धुरात एक ज्वाला उमटली. ओंडक्याला ती टेकलेलीच नव्हती. लाकडापासून चार बोटं वर, अधांतरी, ती पसरली, विझली, पुन्हा पेटली आणि मग शेगडीचा सगळा वरचा भाग उजळून गेला. धूर दिसेनासा झाला. काका खुर्ची पुढे ओढून बसले. "म्हणजे धूरच पेटला?"

धूरच पेटला. साऱ्या प्रकरणाची किल्ली तिथे होती. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी जातं. पाणी आहे तोवर तो भाग शंभर अंशांच्या वर जातच नाही. पुढे दोनशे-तीनशे अंशांपासून लाकूड फुटायला लागतं, म्हणजे त्याचे वायू आणि डांबराचे बारीक थेंब होऊन बाहेर पडतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग असा वायुरूपाने सुटतो आणि लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता त्याच्याबरोबर जाते. मागे कोळसा उरतो, तो निखारा होऊन जवळजवळ धुराविना जळतो. पण सुटलेले वायू आपोआप जळत नाहीत. त्यांना साधारण सहाशे अंशांची धग, पुरेशी हवा, दोन्हींची नीट सरमिसळ आणि थोडा वेळ लागतो. यातलं एक जरी कमी पडलं तरी ते न जळताच धुराड्यात शिरतात, आणि त्यालाच आपण धूर म्हणतो. काका दांडे मिटवत तेव्हा लाकडाचं फुटणं चालूच राहायचं, कारण निखाऱ्यांची धग त्याला पुरते. थांबायचं ते फक्त वायूंचं जळणं. लाकूड वाचवायला म्हणून केलेल्या कृतीने लाकडाचा सर्वांत मोलाचा भाग रोज छपरावरून वाहून जात होता.

शेगडीच्या छतालगत एक आडवी पाटी असते, तीही याचसाठी. वायू थेट नळीत न घुसता पुढे वळून, तापलेल्या पोकळीत थोडा वेळ थांबून मग वर जावेत, असा तिचा उद्देश. तिच्याबद्दल पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी जळणाचा ढीग पाहिला. काकांना त्याचा अभिमान होता. लाकूड तोडून चौदा महिने झाले होते, पाऊस लागू नये म्हणून वरून जमिनीपर्यंत ताडपत्री घट्ट बांधली होती. त्यांच्याकडे ओलावा मोजायचं छोटं यंत्रही होतं. ओंडक्याच्या टोकावर त्याच्या सुया टेकवून त्यांनी मला आकडा दाखवला: १६. "वीसच्या आत हवं ना? मग हे कोरडंच झालं."

मी तो ओंडका मधोमध फोडला आणि ताज्या फाळक्यावर, रेषांच्या दिशेने सुया रोवल्या. ३३. काका काही बोलले नाहीत. त्यांनी दुसरा ओंडका स्वतः फोडला, मोजला, ३१. तिसरा ३४.

ढिगातले बहुतेक ओंडके अख्खे होते, सालीसकट. साल पाणी आत धरून ठेवते. लाकडातलं पाणी टोकांकडून लवकर निघतं आणि अंगाकडून फार सावकाश. म्हणून टोकं सुकून चिरा पडतात, ओंडका दिसायला वाळलेला वाटतो आणि पोट ओलंच राहतं. त्यात चारी बाजूंनी ताडपत्री असली की निघालेली वाफ आतच कोंडते. ताडपत्री उचलली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला थेंब लोंबत होते आणि खालच्या थराला बुरशी आली होती.

यंत्रावर पूर्ण भिस्त नको म्हणून एका ओंडक्याच्या मधल्या भागातून अंगठ्याएवढ्या जाडीची चकती कापली. वजन बरोबर २०० ग्रॅम. ओव्हनमध्ये १०३ अंशांवर ठेवून दर दोन तासांनी वजन केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते १४८ ग्रॅमवर स्थिरावलं. ५२ ग्रॅम पाणी गेलं होतं. इथे एक घोटाळा नेहमी होतो, तो सांगायलाच हवा. हे ५२ ग्रॅम कोरड्या लाकडाशी ताडून पाहिले तर ओलावा ३५ टक्के येतो. एकूण वजनाशी ताडले तर २६ टक्के. सुयांची यंत्रं सहसा पहिल्या पद्धतीने आकडा देतात, जळणाबद्दलची माहिती अनेकदा दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली असते. एकूण वजनाच्या २० टक्के म्हणजे यंत्रावर २५. शिवाय यंत्रावरचा आकडा तिशीच्या वर गेला की तो अंदाजापुरताच धरावा; तिथे वजनाची चाचणीच खरी.

मग वहीवर हिशेब मांडला. अठरा किलोत पाणी सुमारे ४.७ किलो, कोरडं लाकूड १३.३ किलो. कोरड्या लाकडाचा एक किलो साधारण १८.५ मेगाज्यूल उष्णता देतो, म्हणजे एकूण २४६. खोलीच्या तापमानाचं एक किलो पाणी उकळून वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल लागतात, म्हणजे ४.७ किलोला १२. मला स्वतःला या जागी दर वेळी थांबावंसं वाटतं. पाण्याची वाफ करण्यात गेलेली उष्णता एकूण उष्णतेच्या जेमतेम पाच टक्के भरली! उरलेले २३४ मेगाज्यूल म्हणजे विजेच्या भाषेत ६५ युनिट. आठ तासांत ६५ युनिट म्हणजे सतत आठ किलोवॅटचं इंधन. त्यातला तीन-चतुर्थांश भाग जरी खोलीत आला असता तरी शेगडी तिच्या पूर्ण क्षमतेने, सहा किलोवॅटने, सलग आठ तास चालली असती. ती लहान पडत नव्हती. इंधन तिच्या क्षमतेपेक्षा जास्तच पडत होतं आणि उष्णता भलतीकडे जात होती.

ओल्या लाकडाबद्दल लोक म्हणतात की 'पाणी आटवण्यात उष्णता जाते'. खरं आहे, पण खरा तोटा त्याहून मोठा आणि आडवळणाने होतो. पाणी आगीला गार ठेवतं. आग गार म्हणजे वायूंना लागणारी धग नाही. धग नाही म्हणजे निम्म्याहून जास्त उष्णता ज्यांच्यात आहे ते वायूच जळत नाहीत. स्वतः पाच टक्के उष्णता खाणारं पाणी त्याच्या कितीतरी पट उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातं.

तिसऱ्या दिवशी शेगडी पूर्ण गार करून उघडली. दाराच्या कडेने फट बुजवायला बसवलेली दोरी तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. तीन कोपऱ्यांत ती घट्ट धरली जात होती, खालच्या डाव्या कोपऱ्यात सहज निसटली. दोरी दबून दगडासारखी झाली होती. आडवी पाटी तिच्या खाचेतून सुटून पुढे सरकलेली होती आणि मागे तीन बोटांची फट पडली होती. जाड ओंडके आत ढकलताना तिला धक्का बसत असणार. या फटीतून वायू पुढचा वळसा न घेता मागून थेट नळीत जात होते. पाटीवर मूठभर काजळी साठली होती.

धुराडं घराच्या बाहेरच्या भिंतीलगत वर गेलेलं, एकेरी पत्र्याचं. ब्रश फिरवल्यावर खालच्या भागातून भुसभुशीत काजळी आली. मधल्या भागातून जाड्याभरड्या, कुरकुरीत काळ्या खपल्या. वरच्या दोन तुकड्यांत ब्रश नुसता घसरत होता; तिथे डांबर काचेसारखं चकचकीत होऊन चिकटलं होतं. खरवडून काढलेली एक खपली मोजली, पाच मिलिमीटर. तीन मिलिमीटरचा थर झाला की धुराडं साफ करावं, असा या कामातला दंडक आहे. मी ती खपली पत्र्यावर ठेवून काडी लावली. ती आधी फुगली आणि मग फरफरत, काळा धूर सोडत पेटली. काकू दोन पावलं मागे सरल्या. धुराड्यात हाच थर पेटला तर आतलं तापमान हजार अंशांच्या पुढे जातं आणि आवाज असा येतो की छपरावर गाडी चालली आहे. असं झालं तर हवेचे दांडे आणि दार मिटायचं, सगळ्यांनी घराबाहेर पडायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं.

हा थर कुठून आला? धुरातले डांबराचे थेंब आणि वाफ साधारण १२० अंशांच्या खाली थंड पृष्ठभागावर बसतात. नळी शेगडीजवळच ८५ अंशांवर होती, तर उघड्यावरच्या वरच्या पत्र्याची काय कथा. धुराड्याचं दुसरं कामही गरम राहण्यावरच चालतं. आतली हवा गरम, म्हणून हलकी, म्हणून वर जाते आणि तिच्या ओढीने शेगडीत नवी हवा येते. धुराडं गार पडलं की ओढ कमी, ओढ कमी की आग मंद, आग मंद की धुराडं आणखी गार. बेंजामिन फ्रँकलिनने १७४४ साली आपल्या नव्या शेगडीची माहिती छापली, तिच्यात उष्णता जास्त काढून घेण्यासाठी धूर आधी खाली वळवून मग धुराड्यात सोडला होता. कल्पना चांगली होती, पण आग जोरात नसली की धूर खाली वळायलाच तयार होत नसे आणि खोलीत येई. पुढे डेव्हिड रिटनहाउस या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने नळीची रचना बदलली तेव्हा ती शेगडी नीट चालायला लागली. धुरातली उष्णता सगळी हिसकावून घेता येत नाही. थोडी धुराड्याला द्यावीच लागते.

वरचे दोन तुकडे मी काढूनच टाकायला सांगितले. त्यांच्या जागी दुहेरी, मध्ये उष्णतारोधक भरलेले तुकडे आठवडाभराने बसले. तोवर शेगडी बंद. घरात कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं यंत्रही नव्हतं. ते बसल्याशिवाय पुन्हा पेटवायचं नाही, ही माझी अट होती आणि काकांनी ती लगेच मानली. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. धुमसती, हवा मिटलेली शेगडी तो भरपूर बनवते.

पुढचे बदल मी एकेक करून केले, कारण वही होती आणि कशाने किती फरक पडतो ते कळणार होतं. फक्त बाहेर दोन अंशांच्या आसपास असलेले दिवसच आम्ही एकमेकांशी ताडून पाहिले.

पाटी जागेवर, धुराडं साफ, वरचे तुकडे नवे, बाकी सगळं पूर्वीसारखं: १७ किलो, खोली १७ अंश. मग दाराची दोरी बदलली. तिच्यामुळे फायदा होईल अशी माझी अपेक्षा होती. दोन दिवसांनी काकूंचा फोन आला, "ताई, काच आधीपेक्षा जास्त काळी होतेय." माझ्या लक्षात यायला हवं होतं. दोन्ही दांडे मिटलेल्या शेगडीला त्या कोपऱ्यातल्या गळतीतूनच थोडी हवा मिळत होती. ती मी बंद केली आणि आग आणखी गुदमरली. दोरी चांगली असायलाच हवी, त्याशिवाय हवेवर ताबा राहत नाही. पण आधी पेटवायची आणि हवा द्यायची पद्धत बदलायला हवी होती, दोरी नंतर. क्रम माझा चुकला.

तेव्हा मी पुन्हा गेले आणि एक पूर्ण संध्याकाळ आम्ही तिघं शेगडीपुढे बसलो.

आधी राख. काका रोज सकाळी शेगडी पत्र्यापर्यंत घासून साफ करायचे. लाकडाच्या आगीला खाली दोन-तीन सेंटिमीटर राखेची गादी लागते. ती निखाऱ्यांची धग धरून ठेवते. जास्तीची राख तेवढी काढायची, तीही झाकणाच्या धातूच्या डब्यात, आणि डबा बाहेर, लाकडापासून दूर. राखेत दडलेला निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहतो.

मग पेटवणं, यावेळी वरून. खाली दोन फाळकी, त्यांवर आडव्या पातळ चिरफळ्या, त्यांवर बोटभर जाडीच्या ढलप्यांचा चौकोनी मनोरा आणि पेटवण अगदी माथ्यावर. काकांचा यावर विश्वास बसेना. "जाळ खाली कसा उतरेल?" दोन्ही दांडे पूर्ण उघडून माथ्याला काडी लावली. पहिली ज्वाला वरच असल्यामुळे धुराडं लगेच तापायला लागलं, आणि खालची लाकडं हळूहळू तापून वायू सोडायला लागली तेव्हा ते वायू पेटत्या ज्वाळेतूनच वर जात होते. वाटेतच जळत होते. काकू बाहेर जाऊन धुराडं पाहून आल्या. "काहीच दिसत नाही. नुसती हवा थरथरतेय."

पाऊण तासात निखारे झाले. आता लाकूड टाकायची वेळ, आणि बहुतेक घरांत चुकतं ते इथे. काका ज्वाला दिसत असताना मधूनच एखादा मोठा ओंडका घालत. मी निखारे नीट होईपर्यंत थांबायला सांगितलं, मग ते दाराजवळ ओढून घेतले, वरचा दांडा पूर्ण उघडला, एक क्षण थांबून दार हळू उघडलं आणि मनगटाएवढ्या जाडीची दोन फाळकी आत ठेवली, दोघांत बोटभर अंतर सोडून. एकटं लाकूड लवकर विझतं; दोन असली की एकमेकांना धग देतात. दार बंद. मिनिटभरात दोन्ही पेटली. नळीवरचा काटा चढत १९० वर गेला. दहा मिनिटांनी वरचा दांडा एक-तृतीयांश मिटला, आणखी पाच मिनिटांनी निम्मा. खालचा दांडा निखारे झाल्यापासून बंदच होता, तो पेटवण्यापुरता.

"निम्म्याच्या पुढे मिटायचा का?" काकांनी विचारलं.

"ज्वाळेकडे बघा. ती लाकडावर डोलत राहिली पाहिजे. सुस्त झाली, टोकाशी काळपट झाली, की तुम्ही जास्त मिटलंय. काटा ११५ च्या खाली नको आणि २५० च्या वर नको." वरची मर्यादाही तितकीच खरी आहे. हवा उघडी ठेवून विसरलं तर शेगडीचं पोलाद लाल होतं, पाटी वाकते आणि उष्णता वर निघून जाते.

यात किती लाकूड लागतं? सहा किलोवॅटच्या शेगडीला तासाला साधारण दीड ते दोन किलो. कमी ऊब हवी असेल तर लाकूड कमी घालावं, हवा कमी करू नये. रात्रभर धुमसत ठेवायची कल्पना पूर्ण सोडून द्यावी. मोठ्या शेगडीचा सल्ला मला खटकला तो याचमुळे. क्षमता जास्त असलेली शेगडी लोक कायम गुदमरवून चालवतात.

शेवटी धुराच्या वासाचं कोडं उरलं होतं. दार उघडताना धूर खोलीत यायचा, पण रोज नाही. काकूंनीच माग काढला. स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असला की यायचा. घट्ट बांधलेल्या घरात तो पंखा जेवढी हवा बाहेर काढतो तेवढी कुठूनतरी आत यावी लागते, आणि सर्वांत सोपी वाट धुराड्याची. खिडकी दोन बोटं उघडून आम्ही खात्री केली, धूर थांबला. शेगडीजवळच्या भिंतीत बाहेरची हवा येण्यासाठी कायमचं छिद्र पाडलं. तोवर पंखा आणि शेगडीचं दार एका वेळी चालू-उघडं ठेवायचं नाही असं ठरलं.

नव्या पद्धतीने पण जुन्याच ओल्या लाकडावर वही म्हणत होती: १५ ते १६ किलो, खोली १८ अंश. काच अजून धुरकट व्हायची. ओल्या लाकडाला हवा कमी करताच येत नव्हती. दांडा निम्मा केला की काटा घसरायचा. पद्धतीने जेवढं होणार होतं तेवढं झालं होतं.

घरामागे पत्र्याखाली दोन वर्षांपूर्वी फोडून ठेवलेली थोडी लाकडं होती. काका ती पेटवायला ढलप्या काढण्यापुरती वापरत. मी एक फोडून मोजलं, १८. "ही चार दिवस जाळा, दुसरं काही घालू नका." चौथ्या दिवशी काकांनी आकडे फोनवर वाचून दाखवले. १२ किलो. खोली २० अंश. काच दुसऱ्या दिवशी सकाळी नुसती कोपऱ्यांत पांढुरकी. शेगडी तीच होती.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मे २०२० पासून नव्या शेगड्यांतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांवर तासाला २ ग्रॅमची मर्यादा घातली आहे; खऱ्या ओंडक्यांवर चाचणी केली असेल तर २.५ ग्रॅम. अशा आकड्यांची पाटी शेगडीवर पाहून लोक निश्चिंत होतात. पण त्या चाचण्या मोजून-मापून वाळवलेल्या लाकडावर होतात. तीच शेगडी ओल्या ओंडक्यावर, दांडे मिटून चालवली तर पाटीवरचा आकडा तिला लागू राहत नाही. आणि तो धूर फक्त त्या घराचा नसतो, खाली ओघळून शेजाऱ्यांच्या खिडकीतही जातो. काकूंना हे आतून लागलं. त्यांच्या शेजारच्या घरात दम्याचं एक मूल आहे.

चार दिवसांनी कोरडं लाकूड संपलं. उरलेला हिवाळा कसाबसा काढावा लागला. भुशाच्या दाबून बनवलेल्या विटा मिळाल्या. त्यांत ओलावा फार कमी असतो, त्यामुळे त्या भराभर तापतात आणि एका वेळी लाकडाच्या निम्म्याच घालाव्या लागतात. उरलेले सगळे ओंडके काकांनी महिनाभरात फोडून काढले. जाडी दहा-बारा सेंटिमीटरच्या आत. जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, एकेरी रांगेत, वाऱ्याच्या वाटेवर रचले. ताडपत्री फक्त माथ्यावर, बाजू मोकळ्या. ओलं लाकूड शेगडीला टेकवून वाळवायचा मोह त्यांना झाला होता, तो मी मोडला. आग लागायला तेवढं पुरतं.

मागच्या आठवड्यात धुराडं तपासायला गेले. ब्रशबरोबर कपभर तपकिरी भुकटी खाली आली, डांबर नाही. परत निघताना काका मला लाकडाच्या रांगांकडे घेऊन गेले. प्रत्येक रांगेला खडूने तारीख लिहिलेली. वहीत आता चौथा रकाना आहे, नळीच्या तापमानाचा, आणि मागच्या पानांवर रांगवार ओलावा. आमच्यासमोरच त्यांनी शेवटच्या रांगेतलं एक फाळकं उचललं, फोडलं आणि मधोमध सुया रोवल्या. २७. त्यांनी वहीत आकडा लिहिला, पुढे 'अजून नाही' असं लिहिलं आणि दोन्ही तुकडे परत रांगेत ठेवले.